प्रेमलाबाईंचा आडमुठा आकडा

जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी आहे आणि तिथल्या उगवण प्रयोगशाळेची मी प्रमुख. प्रमुख म्हणजे कागदावर सही माझी. प्रयोगशाळा चालते ती प्रेमलाबाईंवर.

बियाण्याची प्रत्येक खेप बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येते. तिच्यातले चारशे दाणे मोजायचे, शंभर-शंभरचे चार भाग करायचे, ओल्या कागदावर दहाच्या दहा रांगा मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबेच्या कपाटात ठेवायची. आठवड्यानं किती उगवले ते बघायचं. प्रेमलाबाई हे काम एकोणीस वर्षं करताहेत. त्यांच्या चिमटीत पाच दाणे येतात. सहावा आलेला मी पाहिलेला नाही.

त्यांची एक सवय होती. काम संपल्यावर नमुन्याचे दाणे उरत, ते पिशवीत परत टाकण्याआधी त्या टेबलावर मांडायच्या. अठ्ठेचाळीस उरले की सहाच्या आठ रांगा. पस्तीस उरले की पाचाच्या सात. कधी कधी दाणे कुठल्याच समान रांगांत बसत नसत. मग त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "आडमुठा हाय हा."

मी नवीन होते तेव्हा एकदा एक्क्याण्णव दाणे उरले. मी म्हटलं, "हा आडमुठा दिसतोय, प्रेमलाबाई."

"न्हाई म्याडम, हा नुसता तोंड वाकडं करून बसतो," त्या म्हणाल्या आणि तेराच्या सात रांगा झरझर मांडून मोकळ्या झाल्या.

हा शब्द त्यांच्या वडिलांचा. वडील कारभारी, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे, मेंढ्या राखायचे. तिन्हीसांजेला वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभं राहून मेंढ्या आत सोडताना मोजायचे, आज दोनदोन, उद्या तीनतीन, परवा पाचपाच. कळप सत्त्याण्णवचा झाला की कशानंही मोजला तरी शेवटी काहीतरी शिल्लक राहायचं आणि कारभारी वैतागून म्हणायचे, "आडमुठा कळप झाला, एखादं पिल्लू येऊ दे आता." प्रेमलाबाई सातवीपर्यंत शिकल्या. शाळेत याला मूळ संख्या म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना आठवलंही. पण आडमुठा हाच शब्द त्यांना बरा वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी खरिपाआधीच्या धांदलीत कंपनीनं दाणे मोजायचं यंत्र आणलं. वरून दाणे ओतायचे, आतून एकेक घरंगळत जातो, पडद्यावर आकडा येतो. दुसऱ्याच आठवड्यात प्रेमलाबाईंनी बाजरीचा मूठभर नमुना ओतला आणि पडद्यावर उमटलं: २१४७४८३६४७.

आम्ही सगळ्या जणी जमलो. यंत्र बसवून द्यायला आलेला मिस्त्री अजून जालन्यातच होता, त्याला बोलावलं. त्यानं मागची पट्टी उघडली आणि म्हणाला, "तार ढिली झाली. मोजणी भरकटली की हे याच आकड्यावर जाऊन थांबतं. याच्या पुढं याला मोजता येत नाही."

"ह्याच्या पुढं का न्हाई?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"आतमध्ये जागाच तेवढी, मावशी. एकाची दुप्पट करायची, तिची दुप्पट, अशी एकतीस वेळा. आणि शेवटी एक कमी करायचा. झाला हा आकडा."

मिस्त्री तार जोडून गेला. प्रेमलाबाईंनी आकडा रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला होता. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "म्याडम, हा खरोखर केवढा असंल?"

मी हिशेब करून दाखवला. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. सेकंदाला एक दाणा मोजायचा, जेवायचं नाही, झोपायचं नाही, तर अडुसष्ट वर्षं लागतील. बाजरीचे हजार दाणे साधारण दहा ग्रॅम भरतात, तेव्हा एवढे दाणे म्हणजे एकवीस टन. एक ट्रक भरून बाजरी.

"एक ट्रक," त्या म्हणाल्या. "आन् ती समान रांगांत मांडायची म्हटलं तर?"

"म्हणजे आडमुठा आहे का ते?"

"हां."

मी फोन काढला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नगं म्याडम. तुम्ही बघून सांगितलं तर ते तुमचं व्हईल. मी बघते."

मी फोन खाली ठेवला. पण खरं सांगते, त्या जागेवर गेल्या आणि मी गुपचूप पाहिलं. तो आकडा मूळ होता. एवढंच नाही, अडीचशे वर्षांपूर्वी ऑयलर नावाच्या गणितज्ञानं ते सिद्ध केलं होतं, यंत्राशिवाय, आणि त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पुढं शंभरेक वर्षं याच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. मग फोन बंद केला आणि प्रेमलाबाईंना काही बोलले नाही. मला वाटलं, दोनचार दिवसांचं खूळ आहे, आपोआप जाईल.

ते गेलं नाही. त्यांनी दोनशे पानी वही घेतली. सम नाही, म्हणून दोननं जात नाही. अंकांची बेरीज सेहेचाळीस, म्हणून तीननं जात नाही. शेवटी शून्य नाही, पाच नाही, म्हणून पाचानं जात नाही. सातापासून खरा भागाकार सुरू झाला. चौदानं किंवा एकवीसनं भागायची गरज नाही, कारण दोन, तीन, सात आधीच फसलेत, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. फक्त आडमुठ्यांनीच भागायचं. त्यांची यादी प्रेमलाबाई वहीच्या मागच्या पानांवर वाढवत जायच्या. रोज जेवणाच्या सुट्टीत एक, घरी स्वयंपाकाआधी एक, रविवारी जमतील तेवढे.

थांबायचं कुठं, हेही त्यांनीच शोधलं. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "म्याडम, छत्तीस दाण्यांच्या चारच्या नऊ रांगा केल्या की नऊच्या चार येगळ्या बघायची गरज न्हाई. तीच मांडणी आडवी. मंग भाजक वाढत गेला आन् भाग बारका होत गेला, तर जिथं दोघं बराबर होतील तिथं आपलं काम खतम."

"बरोबर."

"ते ठिकाण सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पुढं लगेच येतं. मी गुणून पाह्यलं."

सेहेचाळीस हजारांपर्यंत मूळ संख्या चार हजार सातशेच्या वर आहेत. मी मनात मोजलं आणि घाबरले. रोज पाच केले तरी अडीच वर्षं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझी हिंमत झाली नाही. जितके दिवस जात गेले, तितकं सांगणं अवघड होत गेलं.

त्यांचे यजमान बिभीषण सळईच्या गिरणीत कामाला आहेत. एकदा प्रेमलाबाईंना मोटारसायकलवर घ्यायला आले तेव्हा मला फाटकापाशी थांबवून म्हणाले, "म्याडम, तुम्ही हिला घरी काय काम दिलंय? भाकर तव्यावर असती आन् ही भिंतीकडं बघून सातचा हातचा म्हणती."

"मी काही दिलं नाही हो. त्यांनीच घेतलंय."

"मंग कुणाचं हाय ते?"

तेवढ्यात प्रेमलाबाई पिशवी घेऊन फाटकाशी आल्या.

आठ महिने असे गेले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्रेमलाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. आम्हा सहा जणींना त्यांनी एकेक पेढा दिला. डोळे लाल होते, पण चेहरा उजळला होता.

"फुटला," त्या म्हणाल्या. "बाकी शून्य आली."

मी वही घेतली. भाजक चार हजारांच्या थोडा अलीकडचा होता. तो कोणता ते इथं लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पानाच्या तळाशी मोठं शून्य काढलेलं होतं आणि त्याभोवती दोनदा गोल. बाकीच्या जणी टाळ्या वाजवत होत्या. माझ्या हातात पेढा तसाच होता.

"प्रेमलाबाई," मी म्हटलं, "एकदा उलटा गुणाकार करून बघा ना."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग तिथंच उभ्या राहून पेन्सिलीनं गुणाकार केला. गुणाकार जुळला नाही. परत केला. मग वरपासून एकेक ओळ तपासली आणि चौथ्या ओळीत बोट थांबलं. हातचा एक दोनदा धरला गेला होता.

टाळ्या थांबल्या. प्रेमलाबाईंनी वही मिटली. "तुम्ही पान नीट बघितलंसुदिक न्हाई म्याडम. हातचा तुम्हाला दिसला नव्हता. तरी उलटा गुणाकार करा म्हणाल्या. तुम्हाला ठाऊक व्हतं."

मी पेढा टेबलावर ठेवला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं. "तो मूळच आहे, प्रेमलाबाई. आडमुठा आहे. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसानं सिद्ध केलंय."

त्या जागेवर जाऊन बसल्या आणि दाणे मोजायला लागल्या. चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. वही दिसली नाही. मला वाटलं, मी एका चांगल्या माणसाकडून काहीतरी हिसकावून घेतलं, आणि तेही दोनदा. आधी गप्प बसून आणि मग बोलून.

पाचव्या दिवशी त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "त्या माणसानं पाच हजार भागाकार केले का?"

"नाही. त्याला दिसत नव्हतं फारसं. त्यानं काहीतरी युक्ती शोधली होती. थोडेच करावे लागले."

"कसली युक्ती?"

"मला नाही माहीत."

"तुम्ही मला निक्काल सांगितला म्याडम, कारण न्हाई सांगितलं. कारण कोन सांगंल?"

मला एकच नाव सुचलं. कॉलेजात मला गणित शिकवलेले आदिनाथ सर निवृत्त होऊन शहागडला आपल्या शेतावर राहत होते. रविवारी आम्ही दोघी अंबडमार्गे एसटीनं शहागडला गेलो. सरांचं घर हायवेपासून आत, गोदावरीच्या बाजूला आहे. ट्रकांचा आवाज तिथपर्यंत येतो. सरांनी आधी वही मागितली आणि ओसरीवर बसून ती पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, "बाई, हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?"

"एक चुकलाय सर."

"एकच?" सर म्हणाले. त्यांनी खडू आणला आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर बसले. आम्ही समोर बसलो.

"हा आकडा म्हणजे एकाची एकतीस वेळा दुप्पट, वजा एक. हे ठाऊक आहे?"

"हो. मिस्त्री बोलला व्हता."

"तर आधी छोट्यावर बघू. एकाची अकरा वेळा दुप्पट करून एक काढला, तर येतात दोन हजार सत्तेचाळीस. हा तेवीसनं फुटतो. तेवीस गुणिले एकोणनव्वद."

प्रेमलाबाईंनी हवेत बोटानं गुणलं आणि मान हलवली.

"आता तेवीसची गंमत बघा. एकापासून दुप्पट करत जायचं. तेवीसच्या वर गेलं की तेवीस काढून टाकायचे." सरांनी फरशीवर लिहीत नेलं: १, २, ४, ८, १६. "पुढं बत्तीस, त्यातून तेवीस गेले, नऊ." मग १८, १३, ३, ६, १२. "बाराची दुप्पट चोवीस. तेवीस गेले."

"एक," प्रेमलाबाई म्हणाल्या. "परत एकावर आलं."

"किती उड्या झाल्या?"

त्यांनी खडूच्या आकड्यांवर बोट टेकवत मोजलं. "अकरा."

"येणारच. अकरा दुपटींतून एक काढला की तेवीसनं पूर्ण भाग जातो, म्हणजे एक काढला नाही तर एकच उरणार. आता सांगा, एकपासून बावीसपर्यंत बावीस घरं आहेत. त्यांतली किती झाली?"

"अकरा. अकरा राह्यली." प्रेमलाबाईंनी सरांच्या हातातून खडू घेतला. सर काही म्हणायच्या आत त्यांनी उरलेल्यातला पाच धरला आणि दुप्पट करत निघाल्या: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४. चौदाची दुप्पट अठ्ठावीस, तेवीस गेले, पाच. त्या थांबल्या. दोन्ही रांगा एकाखाली एक होत्या. एकही आकडा दोनदा आला नव्हता आणि एकही सुटला नव्हता.

"हीबी अकराचीच," त्या हळूच म्हणाल्या.

"का?" सरांनी विचारलं.

त्या एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर बोट फिरवत राहिल्या. हायवेवरून कुणाचा तरी लांबलचक हॉर्न आला. "कारण ही तीच रांग हाय," त्या शेवटी म्हणाल्या, "फकस्त पाचापासून चालू केली. तिथल्या परत्येक आकड्याला पाचानं गुणलं की ही व्हते. ती अकराव्या उडीला घरी आली, तर हिलाबी अकराव्यालाच यावं लागतं."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं. वर्गात हे समजायला मला दोन महिने लागले होते, आणि सरांना ते आठवत असावं.

"मग बावीस घरं अकरा-अकराच्या रांगांत बसलीच पाहिजेत," सर म्हणाले. "एकोणनव्वदचंही तसंच. अठ्ठ्याऐंशी घरं, अकराच्या आठ रांगा. आता तुमच्या आकड्याकडं या. त्याला फोडणारा कुणी आडमुठा असलाच, तर त्याच्या घरांत दुपटीची रांग कितीची असेल?"

"एकतीसची." मग लगेच, "पर एकतीसच्या आधीच परत आली तर?"

"आधी येऊन एकतीसाव्यालाही यायचं, तर एकतीस समान तुकड्यांत तुटायला हवा."

"तो तर आडमुठा हाय!" प्रेमलाबाई उभ्याच राहिल्या. "त्याचे तुकडेच व्हत न्हाईत. म्हणजे एकतीसचीच रांग. म्हणजे त्या भाजकातून एक काढला की एकतीसनं भाग गेलाच पाहिजे."

"आणि भाजक विषम, म्हणून एक काढल्यावर दोननंही जाणार. म्हणजे बासष्टनं. बासष्टच्या पाढ्यात एक मिळवून येणारे आकडे तेवढे तपासा. बाकी कुणाची बिशाद नाही याला फोडायची."

प्रेमलाबाई खाली बसल्या. खडूचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. त्या रडत होत्या की काय, मला कळेना. "मी सातानं भागलं," त्या म्हणाल्या, "अकरानं, तेरानं, सतरानं... पाचशेच्या वर भागाकार. त्यांतल्या बहुतेकांना आधीच ठाऊक व्हतं की आपल्याला जमणार न्हाई. आन् मलाच ठाऊक नव्हतं."

सर म्हणाले, "आणखी एक युक्ती आहे. तिनं उरलेले निम्मे होतात. पण तिचं कारण आज सांगून कळायचं नाही. तशीच वापरायची तर वापरा."

"कारण कळलं न्हाई ते कशाला वापरायचं?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "निम्मे जास्तीचे करते मी."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. अंबड आल्यावर एकदम माझ्याकडं वळल्या. "म्याडम, त्या आंधळ्या माणसानंबी हे असंच पाह्यलं असंल का? फरशीवर?"

"मनात पाहिलं असेल."

त्यांनी नुसती मान हलवली.

सोमवारी नवी वही आली. आधी त्यांनी बासष्टच्या पाढ्यात एक मिळवून सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंतचे सगळे आकडे काढले. ते भरले सातशे सत्तेचाळीस. त्यांतले स्वतःच फुटणारे खोडले. त्रेसष्ट गेला, एकशे पंचवीस गेला, एकशे सत्त्याऐंशी गेला, कारण तो अकरा गुणिले सतरा, दोनशे एकोणपन्नासही गेला. पहिला उरला तीनशे अकरा. सगळं खोडून झाल्यावर दीडशेच्या आसपास आडमुठे राहिले. जुन्या वहीत त्यांतल्या काहींचे भागाकार झालेले होते, पण त्या म्हणाल्या की ती वही एकदा चुकली, आता तिच्यावर भरवसा नको. तीनशे अकरापासून पुन्हा सुरुवात केली. बाकी आली पस्तीस. या वेळी प्रत्येक भागाकाराखाली उलटा गुणाकार, आणि तो जुळला तरच पान उलटायचं.

आता प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणी विचारायचं, "आज कितवा?" त्या आकडा सांगायच्या. बिभीषणरावांनी एका रविवारी मला फोन केला. मला वाटलं तक्रार असेल. ते म्हणाले, "म्याडम, हिनं मला ते तेवीसचं दाखवलं, दुपटीचं. मी गिरणीत जेवायच्या सुट्टीत सतरावर करून पाह्यलं. आठ उड्यांत परत आलं. सोळाचे दोन भाग. बराबर हाय का?"

"अगदी बरोबर आहे."

"कमाल हाय हो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, शेवटचा भाजक आला: पंचेचाळीस हजार नऊशे त्रेचाळीस. त्याच्या पुढं बासष्टच्या पाढ्यातले सहा आकडे होते, पण ते सगळे फुटणारे निघाले होते. आम्ही डबे बाजूला ठेवून उभ्या राहिलो. त्यांनी भाजकाचा नऊपर्यंतचा पाढा समासात लिहिला आणि भागायला सुरुवात केली. भाग येत गेला: चार, सहा, सात, चार, दोन. शेवटची वजाबाकी केली. बाकी पंधरा हजार नऊशे एक्केचाळीस. उलटा गुणाकार केला, बाकी मिळवली. २१४७४८३६४७ जसाच्या तसा उतरला.

भाग आला होता सेहेचाळीस हजार सातशे बेचाळीस, भाजकाहून जेमतेम आठशेनं मोठा. पुढं आता कुणी नव्हतं.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रेमलाबाईंनी पेन्सिल ठेवली आणि दोन्ही तळवे पानावर टेकवले. "एक ट्रक बाजरी," त्या म्हणाल्या. "कशीबी मांडा. एका रांगेशिवाय बसायची न्हाई." आमच्यातल्या कौसल्यानं विचारलं, "मग आता काय करायचं याचं?" प्रेमलाबाईंना प्रश्नच कळला नाही. त्या तिच्याकडं बघून हसल्या.

मी सरांना कळवलं. ते पंच्याहत्तरीचे आहेत, तरी त्याच आठवड्यात एसटीनं जालन्याला आले. त्यांना वही घरी न्यायची होती. प्रेमलाबाई म्हणाल्या, "न्हाई सर. हितंच बसून बघा." सर माझ्या खुर्चीवर बसले आणि पहिल्या पानापासून तपासायला लागले. दर दहा-बारा पानांनी स्वतः एक भागाकार करून पाहायचे. तीन तास लागले. प्रेमलाबाई या वेळात आपल्या जागेवर सोयाबीनचे दाणे मांडत होत्या. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

सरांनी वही मिटली आणि दोन्ही हातांत धरली. "पस्तीस वर्षं मी वर्गात सांगितलं की हा आकडा मूळ आहे. पुस्तकात होतं म्हणून सांगितलं. आज पहिल्यांदा पाहिला."

प्रेमलाबाईंनी हात पुसले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "सर, एक विचारू? हे आकडे कुठं संपतात का? आडमुठे?"

"नाही. कितीही घेतले तरी आणखी एक असतोच. हल्ली यंत्रांनी शोधलेला सगळ्यात मोठा लिहायचा तर चार कोटी दहा लाखांच्या वर अंक लागतात. तोही असाच, दुपटींतून एक काढलेला."

"आन् त्याच्या पुढंबी हायेत."

"त्याच्या पुढंही."

उबेच्या कपाटाची घरघर तेवढी चालू होती. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आपण भागून बघायच्या आधीबी हा असाच व्हता ना? कुणीच पाह्यलं नव्हतं तव्हाबी?"

"हो," सर म्हणाले. "माणूस नव्हता तेव्हाही. गोदावरी नव्हती तेव्हाही."

प्रेमलाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या अंगावर काटा आलेला मला शेजारून दिसला. बाहेर बिभीषणरावांच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला. त्या उठल्या, वही सरांच्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली. दारापाशी गेल्यावर मागं वळून म्हणाल्या, "सर, ती दुसरी युक्ती. निम्म्याची. तिचं कारण शिकायला किती दिवस लागतील?"

"वर्षभर तरी लागेल."

"मंग पुढच्या रविवारी येते," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.